लोरीनच्या कारकिर्दीवर दीड तासाचे श्रवणसत्र कसे बसवावे

ठाण्यातील सोसायट्यांच्या सभागृहांत आणि वाचनालयांत गाणी व निवेदन असे कार्यक्रम नेहमी होत असतात, परंतु त्यांचे विषय बहुधा ठरलेले असतात : एखादा संगीतकार, एखादा राग, नाट्यसंगीताचा एखादा कालखंड. अलीकडे अशा मंडळांतील तरुण सभासद युरोपातील एखाद्या गायिकेवरही सत्र व्हावे, असे सुचवू लागले आहेत आणि मग युरोव्हिजन या गीतस्पर्धेचे नाव हमखास निघते. ज्याच्यावर असे सत्र बसवण्याची जबाबदारी येऊन पडते, त्याच्यासाठी हे टिपण आहे. उदाहरणादाखल स्वीडनची गायिका लोरीन हिची कारकीर्द घेतली आहे. दुसरे नाव निवडल्यास सामग्री बदलेल, पद्धत बहुतांशी हीच राहील.

नाव निवडताना प्रसिद्धीला फारसे महत्त्व देऊ नये. ॲबा हा स्वीडनचाच समूह १९७४ मध्ये ब्रायटन येथे ही स्पर्धा जिंकला, परंतु त्यानंतरची त्यांची कथा स्पर्धेच्या बाहेर घडते आणि ती श्रोत्यांना थोडीफार ठाऊकही असते. कॅनडाची सेलीन डिऑन १९८८ मध्ये डब्लिन येथे स्वित्झर्लंडसाठी गायली आणि अवघ्या एका गुणाने जिंकली. किस्सा म्हणून हे सुरेख आहे, पण त्यावर दीड तास निघत नाही. आयर्लंडचा जॉनी लोगन मात्र विचारात घेण्याजोगा आहे, कारण त्याने १९८० आणि १९८७ मध्ये गायक म्हणून आणि १९९२ मध्ये लिंडा मार्टिनसाठी गीतकार-संगीतकार म्हणून विजय मिळवला, आणि त्याची संथ गाणी ज्येष्ठ श्रोत्यांना चटकन जवळची वाटतात. तरीही माझी पसंती लोरीनला आहे. २०११ मध्ये हार, २०१२ मध्ये विजय, २०१७ मध्ये पुन्हा हार आणि २०२३ मध्ये पुन्हा विजय, असा तिचा प्रवास आहे. यातील २०१७ ची हार नीट मांडता आली, तर सत्र उभे राहते; ती एका वाक्यात उरकली, तर उरते ती केवळ पारितोषिकांची यादी.

पहिले काम कालपट तयार करण्याचे. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत : वर्ष, घडलेली गोष्ट आणि त्या वेळचे ऐकवता येईल असे ध्वनिमुद्रण. तिसरा रकाना ज्या नोंदीपुढे रिकामा राहील, ती नोंद निवेदनात एका वाक्यापलीकडे जाऊ देऊ नये. लोरीनच्या बाबतीत सुरुवात अशी होते : लोरीन झिनेब नोरा तलहावी हिचा जन्म १६ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोम येथे मोरोक्कोतून आलेल्या, बर्बर या उत्तर आफ्रिकेतील मूळ जमातीच्या कुटुंबात झाला आणि ती वेस्टेरोस या शहरात वाढली. २००४ मध्ये ‘आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत ती चौथी आली. पुढच्या वर्षी एक गाणे निघाले, पण त्याने तिचे बस्तान बसले नाही आणि काही वर्षे तिने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांच्या निर्मितीत पडद्यामागे काम केले. पडद्यामागची ही वर्षे निवेदकांना कोरडी वाटतात आणि ते ती गाळतात. ती गाळू नयेत. कॅमेरा कोठे आहे, प्रेक्षकाला एका वेळी काय दिसते, याची जी जाण तिच्या पुढील सादरीकरणांत दिसते, तिचा थोडा तरी संबंध या कामाशी असावा, असे मला वाटते. निवेदकाने हे आपले मत म्हणूनच सांगावे.

त्यानंतर स्पर्धेची ओळख. तिला सात-आठ मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये, कारण नियमांत श्रोते अडकले की गाणे मागे पडते. सांगायचे ते इतकेच : १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनी सुरू केलेली ही स्पर्धा युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांची संघटना भरवते, प्रत्येक देश एक गाणे पाठवतो, गाणे तीन मिनिटांहून मोठे असू शकत नाही, रंगमंचावर सहापेक्षा अधिक माणसे नसतात, आणि मुख्य गायन तेथेच, प्रत्यक्ष करावे लागते. वाद्यमेळ मात्र १९९९ पासून ध्वनिमुद्रित असतो. या शेवटच्या मुद्द्यावर ठाण्याचा श्रोता थबकेल, कारण त्याच्या लेखी तबला आणि पेटी समोर असल्याशिवाय मैफल होत नाही. त्याला सांगावे की १९९८ पर्यंत तेथेही प्रत्यक्ष वाद्यवृंद असे. गुण १ ते ८, मग १० आणि १२ असे दिले जातात, ही पद्धत १९७५ पासूनची आहे.

युरोव्हिजनपर्यंत पोहोचण्यासाठी स्वीडनमध्ये ‘मेलोदीफेस्टिवालेन’ ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकावी लागते. तिची रचना समजावताना राज्य नाट्य स्पर्धेचा दाखला पुरेसा होतो. केंद्राकेंद्रांवर प्राथमिक फेऱ्या आणि त्यांतून अंतिम फेरी, हे ठाणेकर नाट्यरसिकाला वेगळे सांगावे लागत नाही. फरक इतकाच की स्वीडनमध्ये प्राथमिक फेरीत थेट निवड न झालेल्या काही गाण्यांना ‘दुसरी संधी’ नावाची एक फेरी मिळत असे. लोरीनच्या कथेत या फेरीला मोठे स्थान आहे, कारण ती दोनदा तेथूनच घरी परतली आहे.

आता प्रत्यक्ष ऐकवण्याकडे वळावे. येथे एक शिस्त कटाक्षाने पाळावी : प्रत्येक महत्त्वाचे गाणे आधी पडदा बंद ठेवून केवळ ऐकवावे आणि नंतर चित्रफीत दाखवावी. भावगीतांवर पोसलेल्या श्रोत्याची पहिली तक्रार, यात गाणे कोठे आहे, हा तर दिव्यांचा खेळ, अशी असते. ती तक्रार सर्वस्वी चुकीची नाही, पण अंधारात गाणे ऐकून झाल्यावर तीच माणसे गळ्याविषयी बोलू लागतात. चित्रफीत आधी दाखवली, तर चर्चा कपड्यांवर आणि धुरावर जाते व परत येत नाही.

२०११ चे ‘माय हार्ट इज रिफ्यूझिंग मी’ हे गाणे पहिले ठेवावे. दुसऱ्या संधीच्या फेरीतून ते बाहेर पडले, तरी पुढे तिच्या पहिल्या संग्रहात नव्या रूपात आले. लगेच त्यामागे २०१२ चे ‘युफोरिया’ लावावे. थॉमस जीसन आणि पीटर बूस्ट्रम यांनी रचलेले हे गाणे मे २०१२ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे ३७२ गुणांनी जिंकले. अठरा देशांनी त्याला पूर्ण बारा गुण दिले. दुसऱ्या क्रमांकावर २५९ गुणांसह रशियाच्या उदमुर्तिया प्रांतातील बुरानोवो गावच्या आजीबाई होत्या. या आजीबाईंचा उल्लेख जरूर करावा, आणि वेळ असल्यास त्यांचे अर्धे मिनिट दाखवावे. श्रोत्यांत ज्येष्ठ महिला असतील, तर त्या क्षणी सभागृह तुमच्या बाजूला आलेच म्हणून समजा.

‘युफोरिया’ची चित्रफीत मात्र एकसलग न दाखवता दोन ठिकाणी थांबवावी. पहिला थांबा प्रारंभीच. त्या काळी या स्पर्धेत प्रकाशाचा आणि नर्तकांचा झगमगाट असे, आणि येथे एक बाई जवळजवळ अंधारात, सैल वस्त्रात, अनवाणी उभी आहे. केस तोंडावर आलेले आहेत आणि चेहरा धड दिसत नाही. आपण तिला पाहतो आहोत, पण ती आपल्याकडे पाहत नाही. स्पर्धेतला गायक सहसा प्रेक्षकाला डोळ्यांनी धरून ठेवतो. तिने ते नाकारले आहे, हे श्रोत्यांना दाखवून द्यावे. दुसरा थांबा शेवटच्या भागात, एकुलता एक नर्तक प्रवेश करतो आणि कृत्रिम बर्फ पडू लागतो, तेथे घ्यावा. तोवर ती एकटीच असते, म्हणून त्याचे येणे ठळकपणे जाणवते. हे दोन थांबे घेतल्यावर गाणे पुन्हा पहिल्यापासून, न थांबता लावावे. तीन मिनिटांचेच तर आहे.

बाकूचा विषय निघाला की तेथील राजकीय बाजू टाळू नये, पण तिच्यात गुंतूनही पडू नये. अंतिम फेरीपूर्वी लोरीनने तेथील मानवाधिकार कार्यकर्त्यांची भेट घेतली होती आणि अझरबैजान सरकारच्या वतीने त्यावर नाराजी व्यक्त झाली होती. तिच्या स्वभावाची ओळख पटण्यासाठी एवढे दोन वाक्यांत सांगितलेले पुरते.

विजयानंतर त्याच वर्षी तिचा ‘हील’ हा पहिला संग्रह आला. ब्रिटनच्या विक्रीयादीत ‘युफोरिया’ तिसऱ्या स्थानापर्यंत गेले होते, आणि युरोव्हिजनमधल्या परदेशी गाण्याला तेथे असे स्थान सहज मिळत नाही. येथून पुढची अकरा वर्षे हा सत्राचा खरा गाभा आहे. बहुतेक परिचयलेख ‘२०१२ मध्ये जिंकलेली लोरीन २०२३ मध्ये पुन्हा जिंकली’ असे म्हणून ही वर्षे ओलांडतात आणि त्यामुळे दुसरा विजय नशिबाचा किंवा नुसत्या लोकप्रियतेचा वाटू लागतो. निवेदकाने येथे गती मुद्दाम कमी करावी. विजयाच्या पुढच्याच वर्षी ‘युफोरिया’सारखी आणखी चार गाणी काढणे तिला अवघड नव्हते, बाजाराची अपेक्षाही तीच असणार. तिने तसे केले नाही आणि दुसरा संग्रह यायला पाच वर्षे लागली.

२०१७ मध्ये ती ‘स्टेटमेंट्स’ हे गाणे घेऊन राष्ट्रीय स्पर्धेत परतली. हे गाणे सत्रात अवश्य लावावे, आणि लावण्यापूर्वी निकाल सांगू नये. श्रोत्यांना फक्त विचारावे : ही पूर्वीची विजेती आहे, गाणे हे आहे, तुम्ही काय कराल? गाणे अंगावर येणारे आहे, तुटक आहे, सादरीकरणात निषेधाचा सूर आहे आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत गुणगुणता येईल अशी ओळ हाती लागत नाही. मते नोंदवून झाल्यावर निकाल सांगावा : दुसऱ्या संधीच्या फेरीत ती अँटन हागमन या नवख्या तरुण गायकाकडून हरली आणि अंतिम फेरीत पोहोचलीच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘राइड’ हा तिचा दुसरा संग्रह आला; त्यातील एखादे संथ गाणे यापाठोपाठ ऐकवावे. या दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत निवेदकाने फार बोलू नये. पराभवाची कारणे सांगण्याचा मोह येथे अनावर होतो, आणि ती कारणे बहुधा निकाल माहीत असल्यामुळेच सुचलेली असतात.

मग २०२३. या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत, माल्मो येथे, ती गात असताना एक आंदोलक रंगमंचावर शिरला. गाणे थांबले, आणि तिने ते पुन्हा पहिल्यापासून गायले. ‘टॅटू’ या तिच्या त्या गाण्याची रचना सहा जणांची आहे, त्यांत स्वतः लोरीन आहे आणि ‘युफोरिया’चे दोन्ही रचनाकारही आहेत. चित्रफितीत ती दोन प्रकाशपटलांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत पडलेली दिसते आणि वरचे पटल हळूहळू उचलले जाते, तशी ती उभी राहते. २०१२ आणि २०२३ ही दोन्ही सादरीकरणे एकामागोमाग पाहिल्यावर जागा, अंधार आणि एकटेपणा यांची तिची समज किती सारखी राहिली आहे आणि आवाज किती बदलला आहे, हे श्रोते आपोआप बोलू लागतात. निवेदकाने तेव्हा फक्त ध्वनिवर्धक फिरवत ठेवावा.

लिव्हरपूल येथे झालेल्या २०२३ च्या युरोव्हिजन अंतिम फेरीच्या निकालासाठी फळा आणि खडू हवा. २०२२ ची स्पर्धा युक्रेनने जिंकली होती, पण युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा ब्रिटनने युक्रेनच्या वतीने भरवली. २०१६ पासून परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होतात. फळ्यावर दोन नावे लिहावीत. लोरीन : परीक्षकांकडून ३४०. फिनलंडचा कॅरिया : परीक्षकांकडून १५०. मग कॅरियाचे प्रेक्षकांचे ३७६ गुण लिहून बेरीज ५२६ करावी आणि चित्रफीत थांबवून विचारावे की लोरीनला आता प्रेक्षकांकडून किमान किती हवेत. उत्तर १८७ आहे, आणि मागच्या रांगेतील एखादे निवृत्त बँक अधिकारी ते तोंडी सांगतील. त्यानंतर चित्रफीत सुरू करावी. तिला २४३ मिळाले, एकूण ५८३. दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली आणि जॉनी लोगननंतरची दुसरी व्यक्ती. स्वीडनचा हा सातवा विजय असल्याने आयर्लंडच्या विक्रमाशीही बरोबरी झाली. परंतु प्रेक्षकांची पहिली पसंती फिनलंडच होती, हे आकड्यांवरून स्पष्ट आहे, आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. सभागृहातील प्रेक्षक गुण जाहीर होत असताना कॅरियाच्या गाण्यातील शब्दांचा घोष करत होते. तज्ज्ञांनी ठरवावे की जनतेने, हा वाद आपल्याकडील गायनस्पर्धांतही रंगतो, त्यामुळे चर्चेला माणसे शोधावी लागत नाहीत.

हा वाद प्रत्यक्ष खेळून पाहता येतो. गायन शिकलेल्या पाच श्रोत्यांना परीक्षक करावे, कारण तेथेही प्रत्येक देशाच्या परीक्षक मंडळात पाचच जण असत, आणि उरलेल्यांना प्रेक्षक. ऐकवलेल्या गाण्यांना प्रत्येकाने चिठ्ठीवर १२, १०, ८ असे उतरत्या क्रमाने गुण द्यावेत. दोन्ही गटांची बेरीज वेगळी करून त्यांना समान वजन द्यावे, म्हणजे पाच माणसांचे मत पन्नासांच्या मताइतके जड कसे होते, ते व्याख्यान न देता कळते. चिठ्ठ्या मोजायला दोन विद्यार्थी बसवावेत. मोजणी होईपर्यंत चहा द्यावा.

व्यवस्थेविषयी थोडे. स्पर्धा मे महिन्यात होते, पण सत्र मे महिन्यात ठेवू नये. त्या दिवसांत निम्मे ठाणे गावी गेलेले असते. जूनच्या मध्यास शाळा सुरू झाल्यानंतरचा शनिवार बरा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असण्याचा संभव असतो आणि मुलुंड, कळवा, डोंबिवलीकडून येणारे श्रोते त्यात अडकतात. घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्यांना तर शनिवारीही अर्धा तास हातात ठेवूनच निघायला सांगावे. गडकरी रंगायतनात तिसऱ्या घंटेपूर्वी आसनस्थ होणारा प्रेक्षक सोसायटीच्या सभागृहात मात्र वेळेचे बंधन पाळत नाही, तेव्हा पहिली दहा मिनिटे ॲबाचे एखादे गाणे लावून भरून काढावीत. चित्रफिती आंतरजालावरून आयत्या वेळी लावायच्या असल्यास जाहिराती वगळणारी सशुल्क सुविधा घ्यावी, कारण अनवाणी लोरीन अंधारात उभी असताना मध्येच मसाल्याची जाहिरात आली, तर बांधलेले वातावरण मोडते. प्रोजेक्टरची केबल, तिचे जोडयंत्र आणि ध्वनिवर्धकाची खरखर हे सर्व आदल्या संध्याकाळी तपासावे. खिडक्यांना जाड पडदे नसतील, तर कार्यक्रम सातनंतरच सुरू करावा. जूनमध्ये उजेड उशिरापर्यंत असतो.

परवानगीचाही विचार करावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये निवासी इमारतीतील रहिवाशांच्या सामाईक सभागृहात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास काही अटींवर मुभा आहे. तिकीट लावले, प्रायोजक घेतला किंवा कार्यक्रम नाट्यगृहात नेला, की ती मुभा गृहीत धरता येत नाही. अशा वेळी संबंधित परवाना आधीच घ्यावा.

सत्र रंगले, तर पुढच्या मे महिन्यात अंतिम फेरी थेट पाहण्याची टूम निघतेच. तेथे शनिवारी रात्री नऊ वाजता सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे रविवारी पहाटे, घड्याळात साडेबारा वाजता लागतो आणि सुमारे चार तास चालतो. २०२३ पासून स्पर्धेत भाग न घेणाऱ्या देशांतील प्रेक्षकांनाही आंतरजालावरून, कार्डाने शुल्क भरून मत देता येऊ लागले. भारतासह अशा सर्व देशांची मते एकत्र करून ती एका देशाच्या गुणांइतकी धरली जातात. मत देण्याची इच्छा असलेल्यांनी आपले कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू आहे की नाही, हे बँकेच्या ॲपमध्ये आधीच पाहून ठेवावे. उपांत्य फेऱ्या मंगळवारी व गुरुवारी त्याच वेळेस असतात, म्हणजे आपल्याकडे बुधवार आणि शुक्रवार उजाडलेला असतो. सकाळची लोकल पकडणाऱ्यांनी त्या दुसऱ्या दिवशी सवडीने पाहाव्यात आणि जागरण अंतिम फेरीसाठी राखून ठेवावे.